टोकियोत एकट्याने फिरताना

परक्या देशातील शहरात राहावयास गेलेल्या माणसाची पहिले काही दिवस फारशी पंचाईत होत नाही. विमानतळावर घ्यावयास कोणी तरी आलेले असते, घर दाखविणारा असतो, दुकान कोठे आहे हे सांगणारा शेजारी भेटतो. सोबतीची माणसे आपापल्या कामाला लागली की मग पंचाईत सुरू होते. घरात बसून राहावयाचे की एकट्याने बाहेर पडावयाचे, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. आणि पसरलेल्या महानगरात बाहेर पडणे याचा अर्थ बहुधा आगगाडीत बसणे असाच होतो. डॉक्टरकडे जाणे, मुलाला शाळेतून आणणे, भाषेच्या वर्गाला जाणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या एका कौशल्यावर अवलंबून असते. ते ज्याला साधले नाही, तो वर्षानुवर्षे तेथे राहूनही पाहुणाच राहतो.

टोकियो हे या दृष्टीने विशेष पाहण्याजोगे शहर आहे. तेथील लिपी नवख्या भारतीयाला एका अक्षराचाही आधार देत नाही. रस्त्यांना बहुतेक ठिकाणी नावेच नसतात. उलट, वाट चुकणाऱ्या माणसाचा जितका विचार या शहराच्या रेल्वेने केला आहे, तितका फार थोड्या शहरांनी केला असेल. अवघडपणा आणि सोय ही दोन्ही येथे एकाच फलाटावर उभी असतात.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. टोकियोची रेल्वे ही एकच संस्था नाही. जपानमधील पहिला लोहमार्ग १८७२ साली शिंबाशि ते योकोहामा असा सुरू झाला. पुढे सरकारी रेल्वेचे जाळे वाढले, त्याच्याबरोबर खाजगी कंपन्यांनीही उपनगरांकडे आपापले मार्ग नेले. हायाकावा नोरित्सुगु या गृहस्थाने १९१४ साली लंडनची भुयारी रेल्वे पाहिली आणि तिने तो भारावून गेला. त्याच्या खटपटीने ३० डिसेंबर १९२७ रोजी उएनो ते असाकुसा हा २.२ किलोमीटरचा भुयारी मार्ग उघडला. आशियातील ही पहिली भुयारी रेल्वे. आज या शहरात १३ भुयारी मार्ग आहेत, पैकी ९ ‘टोकियो मेट्रो’ या कंपनीचे आणि ४ महानगर शासनाचे. सरकारी रेल्वे १९८७ साली विभागून निरनिराळ्या कंपन्यांकडे सोपविण्यात आली, आणि जमिनीवरील मोठे मार्ग त्यांपैकी पूर्व जपानच्या कंपनीकडे आले. याखेरीज अनेक खाजगी कंपन्या आहेत त्या वेगळ्याच.

प्रवाशाला या इतिहासाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे ते असे, की एका कंपनीच्या गाडीतून दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बदलताना भाडे नव्याने मोजले जाते, आणि बहुधा एका फाटकातून बाहेर पडून दुसऱ्या फाटकातून आत जावे लागते. कुदान्शिता या स्थानकात तर एकाच सपाटीवर शेजारी शेजारी असलेल्या दोन फलाटांच्या मध्ये एक भिंत उभी होती. कारण एक फलाट कंपनीचा आणि दुसरा महानगर शासनाचा. पलीकडची गाडी पकडण्यासाठी लोक जिने चढून, फाटक ओलांडून पुन्हा खाली उतरत असत. ती भिंत २०१३ साली पाडण्यात आली. नकाशावर दोन रेषा एका बिंदूत मिळालेल्या दिसल्या, तरी त्या बिंदूच्या पोटात किती जिने आहेत हे नकाशा सांगत नाही, हा पहिला धडा नवखा माणूस पायांनीच शिकतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. टोकियोच्या पूर्वेस एदोगावा नावाचा विभाग आहे. त्यातील निशि-कासाई या स्थानकाच्या परिसरात सन २००० च्या सुमारापासून भारतीय संगणक अभियंते आपल्या कुटुंबांसह मोठ्या संख्येने राहू लागले. तेथून जाणारा तोझाई नावाचा भुयारी मार्ग त्यांना कायाबाचो, निहोन्बाशि, ओतेमाचि या बँकांच्या व कचेऱ्यांच्या वस्तीत गाडी न बदलता थेट नेऊन सोडतो, हे त्याचे एक कारण. सकाळी अभियंता कचेरीत निघून जातो आणि घरी राहिलेले माणूस, बहुधा त्याची पत्नी, कधी त्याचे आईवडील, या मार्गाकडे पाहत बसते.

या माणसाच्या हाती पहिला आधार येतो तो अंकांचा. २००४ साली भुयारी मार्गांवरील सर्व स्थानकांना क्रमांक देण्यात आले. प्रत्येक मार्गाला एक रोमन अक्षर आणि प्रत्येक स्थानकाला एक आकडा, अशी ती योजना आहे. तोझाई मार्गाचे अक्षर टी. त्याच्या पश्चिम टोकाचे नाकानो स्थानक टी ०१, ओतेमाचि टी ०९ आणि निशि-कासाई टी १६. म्हणजे निशि-कासाईहून ओतेमाचिला जाणाऱ्याने आकडे उतरत जातील अशा दिशेची गाडी धरावयाची आणि सात स्थानके मोजावयाची. नाव वाचता आले नाही, घोषणा कळली नाही, तरी बिघडत नाही. काही अक्षरे मात्र अपेक्षेप्रमाणे नाहीत. मारुनोउचि मार्गाने एम हे अक्षर आधीच घेतल्यामुळे मिता मार्गाच्या वाट्याला आय आले, आणि हिबिया मार्गाने एच घेतल्यामुळे हान्झोमोन मार्गाला झेड पत्करावे लागले. पूर्व जपानच्या कंपनीच्या जमिनीवरील मार्गांना अशीच चिन्हे २०१६ सालापासून मिळू लागली.

दुसरा आधार रंगांचा. १९५७ साली चुओ मार्गावर नारिंगी रंगाचे डबे धावू लागले, आणि पुढे एकेका मार्गाला एकेक रंग देण्याची प्रथा रूढ झाली. यामानोते मार्गाचा रंग पोपटी, सोबु मार्गाच्या सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या गाडीचा पिवळा, गिन्झा मार्गाचा नारिंगी, मारुनोउचिचा तांबडा, तोझाईचा आकाशी. स्थानकाच्या भुयारात एकदा का आकाशी वर्तुळ दिसले की त्याच्या मागोमाग चालत राहावे. मध्येच दुसरा कोणता रंग मोहात पाडू लागला, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. बाहेर पडण्याचा रस्ता दाखविणाऱ्या पाट्या पिवळ्या असतात, हेही लौकरच अंगवळणी पडते.

आता अंक आणि रंग दोन्ही बरोबर असूनही माणूस कसा चुकतो ते पाहू. आपल्या उदाहरणातील बाई ओतेमाचिहून परत निघाल्या आहेत. रंग आकाशी, दिशा निशि-फुनाबाशिची, आकडे चढत चाललेले. सारे काही ठीक आहे. गाडी तोयोचोपर्यंत, म्हणजे टी १४ पर्यंत, प्रत्येक स्थानकावर थांबते. त्यानंतर ती थांबतच नाही. मिनामि-सुनामाचि मागे जाते, भुयार संपून उजेड येतो, आराकावा नदीचा रुंद पूल सरतो, आणि आपले स्वतःचे निशि-कासाई स्थानक, त्यावरील ओळखीची दुकाने, खिडकीबाहेरून पळत जाताना दिसतात. कासाईही जाते. दुसरी एक नदी ओलांडून गाडी उरायासुला थांबते तेव्हा टोकियोची हद्द संपून चिबा प्रांत लागलेला असतो. ती गाडी ‘काइसोकु’ म्हणजे जलद गाडी होती. तोयोचोपर्यंत तिचे वागणे साध्या गाडीसारखेच असल्यामुळे संशय येण्याचे कारण नव्हते.

मुंबईच्या लोकलगाडीने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना ‘स्लो’ आणि ‘फास्ट’ हा भेद सांगावा लागत नाही. टोकियोत हे प्रकार अधिक आहेत. सर्व स्थानके घेणारी ती ‘काकुएकि-तेइशा’ किंवा ‘फुत्सु’. त्याहून वेगवान ती ‘काइसोकु’. नंतर ‘क्यूको’ आणि ‘तोक्क्यू’. शेवटच्या प्रकाराला काही कंपन्या जादा तिकीट मागतात, काही मागत नाहीत. गाडीच्या तोंडावर आणि फलाटावरील दिव्यांच्या पाटीवर हा प्रकार रोमन अक्षरांतही लिहिलेला असतो. ज्याला तो वाचावयाचा विसर पडतो त्याने घाबरण्याचे कारण नाही. उरायासुला फाटकाबाहेर न पडता समोरच्या फलाटावर जावे आणि परतीची साधी गाडी पकडून दोन स्थानके मागे यावे. कार्डाचे यंत्र चढण्याचे आणि उतरण्याचे स्थानक तेवढे पाहते. मधल्या फेरीचे भाडे ते मागत नाही.

भाड्याची भीती ही नवख्या माणसाला वाटते त्याहून पुष्कळ कमी खरी आहे. पूर्वी तिकिटाच्या यंत्रांवर एक भला मोठा तक्ता टांगलेला असे, आणि त्यात शेकडो स्थानकांमधून आपले स्थानक हुडकून त्याखालचा आकडा वाचावा लागे. असे तक्ते अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसतात. परंतु २००१ च्या नोव्हेंबरात ‘सुइका’ नावाचे कार्ड निघाले आणि २००७ साली खाजगी व भुयारी रेल्वेंचे ‘पास्मो’ आले. त्यात आगाऊ पैसे भरून ठेवावयाचे आणि फाटकावर क्षणभर टेकवावयाचे, एवढेच काम उरले. २०१३ पासून अशी प्रमुख कार्डे एकमेकांच्या हद्दीत देशभर चालू लागली. ज्याच्याजवळ कार्ड नाही त्यालाही एक जुनी सवलत आहेच: भाडे कळेनासे झाले तर सर्वांत स्वस्त तिकीट घ्यावे, इच्छित स्थानकी उतरावे आणि फाटकाच्या आतच असलेल्या यंत्रात ते तिकीट घालून उरलेली रक्कम भरावी. यात दंड नाही, कोणी रागावत नाही. भारतीय माणसाला या गोष्टीवर विश्वास ठेवणे सुरुवातीला जड जाते, कारण आपल्याकडे कमी भाड्याचे तिकीट आणि तपासनीस यांची सांगड मनात पक्की बसलेली असते. कार्ड फाटकाने नाकारले, तर शेजारच्या खिडकीत बसलेल्या कर्मचाऱ्यापुढे ते ठेवावे. भाषा येत नसली तरी चालते. दिवसभर तो हेच काम करीत असतो.

सरावासाठी सर्वांत चांगला मार्ग कोणता, असे विचारल्यास यामानोते मार्गाचे नाव घ्यावे लागेल. शहराच्या मध्यभागाभोवती फिरणारे हे ३४.५ किलोमीटरचे कडे १९२५ साली पूर्ण झाले. त्यावर आज ३० स्थानके आहेत, पैकी शेवटचे २०२० साली उघडले. एक फेरी सुमारे तासाभराची असते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारी गाडी बाहेरच्या कड्याची, उलट जाणारी आतल्या कड्याची. या मार्गाचा मोठा गुण हा, की चुकीच्या दिशेला बसलेला माणूसही उशिरा का होईना मुक्कामी पोहोचतोच. फक्त रात्री उशिरा काही गाड्या मध्येच ओसाकी वगैरे स्थानकांवर संपतात. शिन्जुकु, शिबुया, उएनो, टोकियो ही शहराची मुख्य केंद्रे याच कड्यावर ओवलेली असल्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत शहराचा एक ओबडधोबड आकार मनात तयार होतो. तो आकार एकदा तयार झाला की बाकीच्या मार्गांना टांगावयास खुंटी मिळते.

निशि-कासाईत राहणाऱ्याला याहूनही सोपी सुरुवात करता येते. पुढचेच स्थानक कासाई. तेथे रुळांच्या खालीच भुयारी रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९८६ साली उघडले, आणि १९२७ च्या त्या पहिल्या मार्गावरील पिवळा डबा तेथे ठेवलेला आहे. एक स्थानक जाणे, एक तास काढणे आणि एक स्थानक परत येणे, हा पहिल्या एकट्या प्रवासाचा बेत काही वाईट नाही.

गाडीतून उतरल्यावर काम संपले असे मात्र समजू नये. शिन्जुकु हे जगातील सर्वांत गजबजलेले स्थानक. रोज तीस लाखांहून अधिक माणसे त्यातून जातात, आणि जोडलेली भुयारे धरून त्याला दोनशेहून अधिक बाहेर पडण्याचे रस्ते आहेत. पश्चिमेच्या तोंडाने बाहेर पडावयाचे असता पूर्वेच्या तोंडाने पडल्यास रुळांच्या पलीकडे जाण्यातच बराच वेळ मोडतो. म्हणून टोकियोत कोणी पत्ता सांगताना प्रथम स्थानक सांगतो, मग बाहेर पडण्याच्या तोंडाचा क्रमांक सांगतो, आणि मग पुढची पावले. चित्रलिपीतील निदान पाच-सहा चिन्हे या कामासाठी पाठ करावीत. ‘कुचि’ म्हणजे तोंड. त्याचे चिन्ह म्हणजे एक रिकामा चौकोन. त्याच्या आधी पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर यांपैकी जे चिन्ह असेल ते त्या दिशेचे तोंड. ज्या माणसाला ‘हिगाशि’ आणि ‘निशि’, म्हणजे पूर्व आणि पश्चिम, एवढे दोन शब्द ओळखता येतात, त्याचे निम्मे हेलपाटे वाचतात. निशि-कासाईत राहणाऱ्याला त्यांतील एक आपल्याच घराच्या पत्त्यात फुकट मिळालेला असतो. नावांच्या सारखेपणापासून मात्र जपावे: असाकुसा वेगळे, आकासाका वेगळे, असाकुसाबाशि तिसरेच, आणि असाकुसा या एकाच नावाची दोन स्थानके एकमेकांपासून अर्धा किलोमीटरहून अधिक दूर आहेत.

रस्त्यावर आल्यावर घरांचे क्रमांक ओळीने लागतील ही अपेक्षाही सोडावी लागते. पत्ता रस्त्यावरून सांगितला जात नाही. विभाग, उपविभाग, त्यातील घरांचा चौक आणि चौकातील इमारत असा तो बाहेरून आत येतो. आणि जुन्या वस्त्यांत इमारतींचे क्रमांक त्या बांधल्या गेल्या त्या क्रमाने पडलेले असत. स्थानकांजवळ ‘कोबान’ नावाची छोटी पोलीस चौकी असते, तिच्या भिंतीवर परिसराचा तपशीलवार नकाशा असतो आणि वाट सांगणे हा तेथील पोलिसाच्या रोजच्या कामाचा भाग मानला जातो.

हल्ली हातातील दूरध्वनीच हे सारे सांगतो: कोणता फलाट, कितवा डबा, कोणते तोंड, किती मिनिटे. त्याचा उपयोग न करणे हा हट्टीपणा होईल. मात्र केवळ त्याच्याच आज्ञेने चालणाऱ्या माणसाच्या मनात शहराचा आकार उतरत नाही. सहा महिने दूरध्वनीकडे पाहत ओतेमाचिला गेलेल्या माणसाला निहोन्बाशि त्याच्या आधी येते की नंतर, हे सांगता येत नाही.

गर्दीविषयी भारतीय वाचकाला फार सांगण्याची गरज नाही, पण एक गंमतीची गोष्ट अशी, की जपानमध्ये गर्दी टक्क्यांत मोजतात आणि त्या टक्क्यांचे वर्णनही ठरलेले असते. दोनशे टक्के म्हणजे अंगाला अंग लागून चांगलाच दाब पडतो, तरी साप्ताहिक कसेबसे वाचता येते. तोझाई मार्गावर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ साली सकाळच्या वेळी हे प्रमाण १९९ टक्के होते. साप्ताहिक वाचणाऱ्याचे एका टक्क्यावर निभावले म्हणावयाचे. त्यानंतरच्या साथीच्या वर्षांत गर्दी बरीच ओसरली. नवख्या माणसाने पहिले प्रवास दहा वाजल्यानंतर करावेत. फलाटावर जमिनीवर आखलेल्या खुणांमागे रांग लावावी, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे, गाडीत दूरध्वनीवर बोलू नये. सकाळच्या गर्दीत अनेक मार्गांवर एखादा डबा स्त्रियांसाठी राखलेला असतो. फलाटांवरील पिवळ्या, उठावदार फरशांवर सामान ठेवू नये; अंधांना वाट कळावी म्हणून त्या आहेत. मियाके सेइइचि या जपानी गृहस्थाने १९६५ साली त्या शोधून काढल्या, १९६७ साली ओकायामा शहरात प्रथम बसविल्या, आणि तेथून त्या जगभर, आपल्या मेट्रोच्या फलाटांवरही, पोहोचल्या.

बसचा धडा वेगळा घ्यावा लागतो, आणि एदोगावात तो टाळता येत नाही. तेथे लोहमार्ग बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात, तेव्हा उत्तर-दक्षिण जावयाचे तर बस धरावी लागते. टोकियोच्या मध्य विभागांतील महानगर शासनाच्या बसगाड्यांत पुढच्या दाराने चढून चढतानाच ठरावीक भाडे भरावयाचे आणि मागच्या दाराने उतरावयाचे असते. इतर कित्येक गावांत याच्या नेमके उलट: मागून चढावे, क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी, चालकाच्या डोक्यावरील पाटीत त्या क्रमांकाखाली वाढत जाणारे भाडे पाहावे आणि उतरताना पुढे भरावे. कोणत्या दारापाशी लोक उभे आहेत ते पाहून त्यांच्या मागे उभे राहणे हा सर्वांत भरवशाचा नियम.

रात्रीचे एक बंधन विसरून चालत नाही. गाड्या रात्रभर चालत नाहीत; मध्यरात्रीच्या आगेमागे शेवटची सुटते आणि पहाटे साडेचार-पाचपर्यंत पुन्हा काही नसते. टॅक्सी मिळते, पण रात्री दहानंतर तिचा दर वाढतो आणि लांबचे घर खिशाला फार महाग पडते.

आणि एखाद्या दिवशी गाड्या दुपारीच थांबतात. ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास पूर्व जपानात मोठा भूकंप झाला. टोकियोतील रेल्वे जागच्या जागी थांबली. जमिनीवरील मोठ्या मार्गांनी त्या दिवसापुरती वाहतूक बंद ठेवली, काही भुयारी मार्ग तेवढे रात्री सुरू झाले. लाखो माणसे कचेऱ्यांत, शाळांत आणि स्थानकांत अडकून पडली. जी निघाली ती पायी निघाली, आणि रस्त्यांच्या कडेने माणसांच्या न संपणाऱ्या रांगा उपनगरांकडे चालत राहिल्या. ज्यांनी शहर केवळ भुयारातून पाहिले होते त्यांना घर कोणत्या दिशेला आहे हेही कळेना. ओतेमाचिहून निशि-कासाई म्हणजे पूर्वेकडे दहा-बारा किलोमीटर. वाटेत सुमिदा आणि आराकावा या दोन नद्या आहेत, आणि त्या कोणत्या पुलावरून ओलांडावयाच्या हे आधीच ठाऊक असावे लागते. तेथील पुस्तकांच्या दुकानांत अशा प्रसंगी पायी घरी कसे जावे हे दाखविणारे नकाशे विकत मिळतात. तेथे स्थायिक झालेली काही कुटुंबे एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांसह ते अंतर एकदा चालून पाहतात. वाटेत पाणी कोठे मिळते, शौचालय कोठे आहे, हे नकाशावर पेन्सिलीने टिपून ठेवतात, आणि दमल्यावर तोयोचोला भुयारात उतरून साधी गाडी पकडून घरी येतात.